शिट्टीकाकांची जोडी

तळ्याकाठच्या त्या शिबिरात शिट्टीकाकांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी ठाऊक करून घेतही नव्हतं. नावावरून धर्म कळतो, आणि धर्माचं काहीही विचारायचं नाही, हा तिथला पहिला नियम. त्यामुळे दर उन्हाळ्यात तिथे जमणारी माणसं टोपणनावांनी वावरत. एक वकीलसाहेब होते, एक प्राध्यापक होते, एक दातवाले डॉक्टर होते आणि एक गृहस्थ नुसतेच 'उंच' होते. काका वर्षभर शहरात नळदुरुस्तीची कामं करत. पण उन्हाळ्यातल्या त्या दिवसांत ते धक्क्यावर उभे राहून पोरांना पोहायला शिकवत आणि शिट्टी वाजवत. म्हणून शिट्टीकाका.

हे शिबिर चार जोडप्यांनी सुरू केलं होतं. चारही लग्नं धर्माबाहेरची, त्यामुळे दोन्हीकडच्या घरांचे दरवाजे बंद. सुट्टीत जायला ना माहेर ना सासर, तेव्हा तळ्याकाठच्या रिकाम्या लाकडी खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी आपल्यापुरतं आजोळ उभं केलं. पहिल्याच उन्हाळ्यात एकानं दुसऱ्याला सहज विचारलं, "जेवणाआधी तुम्ही हे काय पुटपुटता?" त्या सहज प्रश्नात अख्खी दुपार गेली. संध्याकाळी दोघांच्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि भात करपला. पुटपुटणारा औषधाच्या गोळ्या मोजत होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण तोवर सगळे एकमेकांच्या सात पिढ्यांपर्यंत पोहोचले होते.

तेव्हा ठरलं, की समोरचा काहीही करत असो, ती त्याची उपासना आहे असं धरायचं, आवाज खाली आणायचा आणि बाजूला व्हायचं. विचारायचं नाही. या एका नियमावर शिबिर पन्नासहून जास्त उन्हाळे टिकलं. सर्वधर्मसमभावावर परिषदा भरवणाऱ्या संस्था तेवढ्या काळात तीनदा फुटतात. नियमाचे थोडे तोटेही होते. एकदा मान अवघडलेले एक पाहुणे तीन दिवस तिरकी मान करून हिंडत होते आणि लोक त्यांच्यासमोरून पाय न वाजवता जात. चौथ्या दिवशी त्यांनी चोळायला तेल मागितलं, तेव्हा कुठे त्यांचा भाव उतरला.

दुसरा नियम पाण्यातला. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पोराला एक जोडीदार असे. तो दुसऱ्या धर्माचा असावा, असं आधी ठरलं होतं; पण आईबापच दोन धर्मांचे असल्यावर पोराचा कोणता, हा प्रश्न निघाला. सगळ्यांना करपलेला भात आठवला आणि 'दुसऱ्या घरचा' एवढ्यावर मिटलं. शिट्टी झाली की असाल तिथे थांबायचं, जोडीदाराचा हात पकडायचा आणि दोघांनी मिळून वर करायचा. ज्याचा हात एकटा वर येईल, त्याचा जोडीदार पाण्याखाली आहे असं समजून सगळ्यांनी धावायचं.

काका त्या चारांपैकी एका जोडप्याचे चिरंजीव. पोरवयात त्यांच्या वाट्याला जोडीदार म्हणून पलीकडच्या खोलीतली एक काटकुळी मुलगी आली. पहिली शिट्टी झाली तेव्हा तिला याचा हात सापडेना, म्हणून तिनं कान धरून वर केला. "तो कान आजतागायत त्यांच्याच हातात आहे," असं वकीलसाहेब दर वर्षी सांगत आणि लोक दर वर्षी हसत. ती मुलगी पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागली आणि यांच्याशी लग्न करून भूगोलबाई म्हणून शिबिराला परत आली. सगळ्या शिबिराचे ते शिट्टीकाका. तिचा मात्र तो 'शिट्ट्या'. चारचौघांतसुद्धा. "ए शिट्ट्या, चहा गार होतोय!"

इतर बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात तो मान असतो. काकांच्या घरी तो धोक्याचा कंदील होता. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, नळ झाला का दुरुस्त? पैसे किती द्यायचे?" काकांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनीही थट्टेत आकडा सांगितला. बाईंनी पर्स आणली आणि खरोखर पैसे मोजून दिले. जाताना जरा फरशी पुसून जा, असंही सांगितलं. काकांनी फरशी पुसली. ज्यांनी आयुष्यभर पोरांना दिशा शिकवल्या त्या बाईंना पुढे कोपऱ्यावरच्या दुकानातून घर सापडेना.

शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो बरा होत नाही हेही सांगितलं. काकांनी आपल्याला जमतं ते केलं. गॅसच्या नळीला वेगळा कॉक बसवला आणि बाहेरच्या दाराची कडी काढून पार खाली, उंबऱ्यालगत लावली. कारण बाई दारासमोर उभ्या राहून नाकासमोर शोधत, वाकून बघत नसत.

त्यांच्या लेकीचं औषधांचं दुकान होतं. तिला सगळं कळत होतं आणि म्हणूनच बापाशी तिचं पटत नव्हतं. दुकानापासून जवळच वृद्धांची काळजी घेणारं एक चांगलं घर होतं. बाग सुंदर, भिंत उंच. "बाबा, तुम्ही झोपता तरी कधी? तुमचा गुडघा, तुमचं बीपी... तुम्ही पडलात तर तिला कोण बघणार?"

"मी पडत नाही."

"हे वाक्य पडलेले सगळेच म्हणतात."

त्या घरातले नळ काकांनीच बसवले होते, त्यामुळे निदान नळांबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. पण तिथली दारं फक्त बाहेरून उघडतात, हेही त्यांना त्यामुळेच ठाऊक होतं. शेवटी बापलेकीत ठरलं, की एवढा उन्हाळा जाऊ द्यायचा. तळ्यावर आई सांभाळून राहिली, तर ती बाबांजवळच राहील. काही कमीजास्त झालं, तर लेक म्हणेल तसं. काका "ठरलं" म्हणाले आणि बाईंना घेऊन शिबिराला आले.

बाईंचं दुखणं लपवायला याहून चांगली जागा जगाच्या पाठीवर नव्हती. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. लोक आदरानं गप्प होत. जेवणाआधी बाई ताट गोल गोल फिरवत बसत. शेजारी बसलेली प्राध्यापकांची बायकोही दोन दिवसांनी आपलं ताट अदबीनं थोडंसं फिरवू लागली. शंका आली ती एकट्या स्वयंपाकघरातल्या मावशींना.

"काका, बाईंचं काही बिनसलंय का हो?"

"मावशी, नियम काय आहे?"

"नियम मला नका सांगू. माझा झारा हरवला होता, तो त्यांच्या उशाखाली निघाला. आता झारा उशाखाली घेऊन झोपायला सांगणारा धर्म असेल तर सांगा, मी दुसरा झारा घेते."

"दुसरा घ्या," काका म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि झारा घासायला घेतला.

रात्री काका खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून झोपत. दिवसा बाहेर जाताना बाहेरून, खालच्या बाजूला, एक आकडा अडकवत. तो त्यांनी आल्या आल्या बसवला होता. पण एका सकाळी बायकांच्या न्हाणीघराचं पाणी तुंबलं, दारापर्यंत आलं आणि दोघीतिघी एकदम हाका मारत आल्या. काका पाना घेऊन तसेच निघाले. आकडा लावायचा राहिला. विसरणं ही त्या खोलीत एकट्या बाईंची मक्तेदारी नव्हती.

बाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा काठावर चांगली दहा-बारा माणसं होती. कुणी चहा पीत होतं, कुणी टॉवेल वाळत घालत होतं. अंगावर साडी, खांद्याला पर्स. त्यांनी चपला धक्क्याजवळ नीट जोडून ठेवल्या आणि सरळ पाण्यात चालू लागल्या. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. काठावर कुणी ओरडलं नाही. प्राध्यापकांनी डोक्यावरची टोपी काढली. दातवाल्या डॉक्टरांनी हातातला कप आवाज न करता खाली ठेवला. एका लहान मुलीनं विचारलं, "आजी कपड्यांत का गेली?" तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "शू! त्या त्यांचं करतायत." ज्यांना हात जोडायची सवय होती त्यांनी जोडले, ज्यांना नव्हती ते मान खाली घालून उभे राहिले. इतक्या धर्मांची माणसं इतक्या एकमतानं एखाद्या बाईला बुडताना क्वचितच बघत उभी राहिली असतील.

काका न्हाणीघरामागून वर आले तेव्हा पर्स पाण्यावर तरंगत होती आणि पाणी बाईंच्या छातीशी होतं. त्यापुढे पोरांसाठी बांधलेली दोरी, आणि दोरीपलीकडे तळाला एकदम उतार. काकांनी हाक मारली, पण बाई चालतच राहिल्या. गुडघा तर पळायचा कधीच विसरला होता. हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

शिट्टी वाजली. बाई थांबल्या. त्यांनी उजवा हात वर केला आणि डावीकडे वळून पाण्यात कुणाला तरी शोधू लागल्या.

काका पान्यासकट पाण्यात शिरले आणि तो वर केलेला हात त्यांनी धरला.

"अहो," बाई म्हणाल्या, "माझा जोडीदार कुठंय? शिट्टी झाली."

"येतोय. आपण काठावर जाऊन बघू."

"असं काठावर जायचं नसतं. तो बुडला असेल."

"नाही बुडला," काका म्हणाले. "मी बघितलंय त्याला."

दोघं काठावर आले. प्राध्यापकांचे डोळे पाणावले होते. "काका, विचारायचं नसतं, मला कळतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण आम्हाला बघू दिलंत, त्याबद्दल आभार." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काकांनीही मान हलवली. खोटं बोलायची त्यांच्यावर वेळच आली नाही. शिबिरानं त्यांच्या वतीनं ते आधीच बोलून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एकट्या मावशी कपाळावर हात मारून उभ्या होत्या.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई कशी आहे?"

"मजेत. सकाळी पाण्यातही उतरली होती."

"एकटी?"

"अगं, काठावर दहा-बारा माणसं होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. काका आयुष्यात असे सरळ खरं बोलून कधी इतके शरमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना पाण्याचा आवाज आला. त्यांनी खिडकी उघडली. छातीभर पाण्यात सात-आठ माणसं कपड्यांनिशी उभी होती, उजवा हात वर, डोळे मिटलेले. पुढे प्राध्यापक आणि त्यांची बायको. मागे पोटापर्यंत पायजमा वर घेतलेले वकीलसाहेब, चेहऱ्यावर खटला हरतानाची गंभीरता. 'उंच' पाण्यात इतके वर उरले होते, की हात वर केल्यावर ते तळ्यातल्या खांबासारखे दिसत होते. हे करावं असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि का करायचं हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. धर्म बहुधा असेच सुरू होत असावेत. काकांना हसू आलं. फार दिवसांनी.

मागून बाई आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून बघू लागल्या. "शिट्ट्या, शिट्टी झाली का रे?"

शिट्ट्या! काकांनी वळून बघितलं. डोळ्यांत ती पूर्वीची, वर्गात खडू फेकून मारणारी बाई होती.

"नाही, अजून नाही."

"मग हात का वर? आणि सगळे एकेकटेच. जोडी कुणालाच नाही." बाईंचा आवाज चढला. "अरे, सगळ्यांचे जोडीदार खाली गेलेत! बघत काय उभा राहिलास?"

असं काही घडलं की लोकांना त्यात मोठं शहाणपण दिसतं. काकांना त्यात फक्त पाण्याचा नियम दिसला. बाई दाराकडे धावल्या, दार जोरजोरात हलवू लागल्या. खुर्ची अजून दाराला होती म्हणून दार उघडलं नाही. काकांनी त्यांना धरून ठेवलं आणि खिडकीतून पुन्हा तळ्याकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. आज ही त्या माणसांमधून दोरीपलीकडे चालत गेली असती, तर कुणाला कळलंही नसतं. आणि एखाद्यानं डोळे उघडले असते, तर त्यानं सरकून हिला वाट करून दिली असती.

काकांचं हसू तिथेच विरलं. खरं सांगितलं तर बाई आपल्याकडून जाणार. नाही सांगितलं तरी जाणार, पण दोरीपलीकडे.

दुपारी जेवणघरात सगळे बसल्यावर काकांनी शिट्टी वाजवली. पन्नास वर्षांत ती कुणी छपराखाली वाजवली नव्हती. लहान पोरांनी सवयीनं शेजाऱ्याचा हात पकडून वर केला. काही मोठ्यांनीही केला आणि मग वाढप चाललंय हे लक्षात येऊन खाली घेतला.

"काल बाई पाण्यात गेल्या, ती पूजा नव्हती," काका म्हणाले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. ते गळक्या नळाबद्दल बोलतात तसंच बोलत होते. "त्यांना आजार आहे. आपण कुठे आहोत, ते त्यांना कळत नाही. कधी कधी मी कोण तेही कळत नाही. काल त्या बुडाल्या असत्या. मी कालच सांगायला हवं होतं. तेव्हा बाई पुन्हा कुठे निघालेल्या दिसल्या, तर कुणी हात जोडत बसू नका. जाऊन धरा. ओरडतील, ओरडू द्या."

प्राध्यापक ताटाकडे बघत होते. त्यांच्या बायकोनं ताटावरून हात काढून मांडीवर ठेवला. शेवटी वकीलसाहेब खाकरले. "पण काका, हे आम्ही विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगतोय."

"मी विचारलं होतं," स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाई शेजारी बसून शांतपणे जेवत होत्या. "कोण बाई बुडत होती हो?" त्यांनी विचारलं. "पोहता येत नसेल तर जायचं कशाला पाण्यात!"

फोन काकांनी स्वतःच लावला. उद्या-परवा कुणीतरी लेकीच्या कानावर घालणारच होतं. पण ते परक्याकडून जाऊ नये.

"बाबा, काल तुम्ही मजेत म्हणालात," सगळं ऐकून लेक म्हणाली.

"ती मजेतच होती. मी नव्हतो."

पलीकडून कुणा गिऱ्हाईकाचा खोकला ऐकू आला. "उद्या येते," लेक म्हणाली. फोन ठेवला नाही. शेवटी काकांनीच ठेवला.

तोवर शिबिर बदललं होतं. पन्नास वर्षं दाबून ठेवलेली चौकशी एकाच दुपारी मोकळी झाली होती. "बाई, कुठे निघालात?" "बाई, पर्समध्ये काय आहे?" "बाई, येऊ का बरोबर?" बाई संध्याकाळपर्यंत वैतागल्या. "कसली भोचक माणसं आहेत ही! दुसऱ्याचं काही बघवत नाही." प्राध्यापक तर न्हाणीघराच्या दारापर्यंत मागे गेले आणि आतून भिरकावलेला साबण खाऊन परत आले. साबण त्यांनी उचलून, धुऊन, दारात आणून ठेवला.

लेक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली. काकांना वाटलं, रागावेल. ती रागावली नाही. आईचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले, औषधं वेगळी घेतली, आणि पिशवी बाहेर ठेवायला वाकली तेव्हा तिला दाराच्या बुडाशी लावलेला आकडा दिसला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"बाबा, घरीही असाच आहे?"

"घरी आतल्या बाजूनं आहे."

"मी इतक्यांदा आले. मला कधी दिसला नाही."

"तुलाही वाकून बघायची सवय नाही. आईवर गेलीस."

ती हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "बाबा, मी वाईट नाहीये."

"ठरल्याप्रमाणे चाललंय," काका म्हणाले. "वाईट कुणीच नाहीये. असतं तर सोपं झालं असतं."

"तुम्हीही चला ना."

काकांनी तळ्याकडे बघितलं. दातवाल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांसाठी धक्का सांभाळायचं कबूल केलं होतं, आणि दहा पोरं त्यांना एकाच वेळी पाण्यात ओढायच्या तयारीत होती. "शिबिर आटोपलं की येतो."

बाई गाडीत बसल्या. लेकीनं पट्टा लावला तेव्हा त्यांनी काचेतून काकांकडे नीट बघितलं. "अहो, तुम्ही नाही येत?"

"पोरं पाण्यात आहेत."

"मग बरोबर आहे," बाई वर्गात म्हणत तशा म्हणाल्या. "पोरं पाण्यात असताना काठ सोडायचा नाही."

काकांनी गळ्यातली शिट्टी काढली. दोरी मळून काळी झाली होती. ती त्यांनी लेकीच्या हातात दिली. "हाका मारून ऐकत नाही कधी कधी. तेव्हा ही वाजव. थांबते. पण वाजवून तिथेच उभी राहू नकोस. लगेच जाऊन हात धर. हात वर करून ती वाट बघत राहते."

लेकीनं शिट्टी मुठीत धरली. "मी रोज नसणार तिथे, बाबा. आणि तिथल्या लोकांना असं शिट्टीबिट्टी वाजवलेलं चालतं की नाही, कोण जाणे."

"विचार," काका म्हणाले. "गेल्या गेल्या आधी ते विचार."

गाडी झाडांआड गेली. धक्क्यावरून डॉक्टर दोन्ही हातांनी बोलावत होते. काका गुडघा सांभाळत खाली उतरले, धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. त्यांचा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि रिकामाच खाली आला. मग त्यांना ओरडावं लागलं.